वर्षाची चिंच

परवा मी आमच्या देऊळगाव राजाच्या घरात इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या काकू हातातलं लाटणं तसंच घेऊन धावत आल्या. झालं होतं इतकंच, की माझी सून स्नेहल अर्धं लिंबू हातात घेऊन बैठकीतल्या पांढऱ्या फरशीपाशी उकिडवी बसली होती. यंदा पाऊस थांबेना, मागच्या भिंतीला ओल आली, आणि बुद्धमूर्तीच्या टेबलाखालची ती संगमरवरी फरशी कडेकडेनं काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरून गेली. स्नेहलनं मोबाईलवर कुणा बाईचा व्हिडिओ पाहिला होता. लिंबू पिळा, मीठ टाका, दहा मिनिटं थांबा, बुरशी गायब, असं ती बाई हसत हसत सांगत होती म्हणे. "लिंबू खाली ठेव!" मी ओरडले. पोरगी दचकली, लिंबू हातातून सुटलं आणि घरंगळत पलंगाखाली गेलं. स्नेहल बँकेत नोकरी करते, सुटीच्या दिवशी कुणी न सांगता घर घासायला बसते. अशी सून दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही, आणि तिच्यावर मी ही अशी खेकसले. मग तिला जवळ बसवून सगळं सांगावं लागलं, आणि सांगता सांगता वाटलं की हे एकदा लिहूनच ठेवावं.

आमचं घर धाडचं. माझे वडील फरशी बसवायचे. गावात त्यांना किसन मिस्त्री म्हणत, पण ते तोंडदेखलं. खरे मिस्त्री बुलढाण्याचे होते. काम त्यांच्या नावावर यायचं, दगड ते निवडायचे, मालकाबरोबर चहा ते प्यायचे, आणि गुडघ्यावर बसून एकेक फरशी सुतात बसवायचे माझे बाबा. त्यांच्या बोटांना एक खोड होती. फरशी बसली की ते पेरानं ठोकून पाहत. खाली पोकळी राहिली असेल तर आवाज वेगळा येतो. ही सवय त्यांच्यासोबत घरीही येई. टरबूज ठोकून पाहत, नवा माठ ठोकून पाहत, भाकर फुगली की तिलाही ठोकून पाहत, आणि आम्ही परीक्षेत नापास झालो की आमचं डोकं ठोकून म्हणत, "हाव, पोकळच हाय." मार असा त्यांनी आम्हाला कधी दिला नाही. मला बाबा फार आवडायचे. हे त्यांना कधी सांगितलं नाही, आमच्याकडे तसं सांगायची रीत नव्हती. म्हणून इथं सांगते.

दिव्याखाली अंधार म्हणतात तसं आमच्या घरात मात्र जमीन मातीची होती. माय दर आठवड्याला ती शेणानं सारवायची आणि सारवताना बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "गावाले फरशी अन् घराले शेन." शेवटी बाबांनी मनावर घेतलं. काम संपल्यावर उरलेले, कोपरा तुटलेले, कुणाला नको असलेले शाहाबादी तुकडे ते मालकाला विचारून सायकलच्या मागं बांधून आणू लागले. दोन-तीन वर्षं आमच्या अंगणात तुकड्यांचा ढीग वाढत गेला. मग एका उन्हाळ्यात त्यांनी पुढची खोली बसवायला घेतली. एक तुकडा दुसऱ्यासारखा नाही. टाकी-हातोडीचा टकटक आवाज सकाळपासून सुरू व्हायचा, आणि अजूनही कुठं बांधकामावर तो आवाज आला की मला भूक लागते, कारण त्या आवाजासोबत घरात ज्वारीच्या भाकरीचा आणि ठेच्याचा वास असायचा. प्रत्येक तुकडा कुठल्या गावचा ते बाबांना पाठ होतं. हा धामणगाव बढ्याच्या व्यापाऱ्याच्या ओसरीतला, हा एका शाळेच्या व्हरांड्यातला. मी धामणगावावर बसून जेवायची आणि माझा धाकटा भाऊ शाळेवर. माझ्या जागेवर तो बसला की मी त्याला धामणगावातून हाकलून द्यायची.

या सगळ्या काळ्या-करड्या तुकड्यांच्या मधोमध एक पांढरी फरशी होती. खरी संगमरवरी. देऊळगाव राजाला एका मोठ्या घराच्या देवघराचं काम चाललं होतं, तिथं या एका फरशीत तांबूस रेघ निघाली. मालकाला ती रेघ अपशकुनी वाटली. बाबांनी ती मागून घेतली, मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि एसटीत मांडीवर घेऊन बसले. ठेवायची कुठं, तडा गेला तर? कंडक्टरनं विचारलं, "लेकरू हाय का?" बाबा म्हणाले, "हाव, पन तिकीट नका मागू, चालत नाही अजून." ही गोष्ट ते इतक्यांदा सांगत की शेवटी कंडक्टरचं वाक्य आम्ही म्हणायचो आणि बाबांचं बाबा. ती फरशी त्यांनी बरोबर दारासमोर बसवली, तिच्यापुढच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर लावली. संध्याकाळी माय तिथं मेणबत्ती लावायची, आणि पॉलिश इतकं होतं की खाली दुसरी मेणबत्ती जळताना दिसायची.

आता आणखी एका बाईंची ओळख करून द्यायला हवी. आमच्या गावच्या दवाखान्यात इंगळे सिस्टर होत्या. उंच, बारीक, पांढऱ्या साडीतल्या. नोकरीमुळे त्या पुस्तकासारखं शुद्ध बोलत, फक्त रागावल्या की वऱ्हाडी बाहेर पडे. निवृत्ती जवळ आली म्हणून त्यांनी बुलढाण्यात घर बांधायला काढलं होतं, स्वतःसाठी आणि आपल्या म्हाताऱ्या आईसाठी. फरशीचं काम द्यायचं होतं. बाबांनी कधी नव्हे ते धाडस केलं आणि स्वतः जाऊन म्हणाले, "सिस्टर, मोठ्या मिस्त्रीले नका देऊ. मले द्या." सिस्टरनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तू दुसऱ्याच्या घरी बसवलेली फरशी मला दाखवू नकोस. तिथून तू निघून येतोस. जिच्यावर तू स्वतः रोज चालतोस ती दाखव. पावसाळा सरू दे, मग येईन." त्या दिवशी बाबा घरी आले ते जेवलेच नाहीत, नुसते फरशी ठोकत फिरत होते. पूर्ण घराचं काम, आणि तेही किसनच्या नावावर. ते मिळालं तर ते खरोखरचे मिस्त्री होणार होते, नाही मिळालं तर आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली. एवढं मला त्या वयातही समजत होतं.

तो पावसाळा काही विचारू नका. शेतं चिखलात, कपडे आठ-आठ दिवस वाळेनात, म्हणून मायनं घरातच दोऱ्या बांधल्या. माळवद गळायला लागलं तशी मागच्या खोलीतली ज्वारीची पोती पुढच्या खोलीत आणली आणि फरशीवर मांडली. जवळजवळ महिनाभर ती तिथंच होती. पोळा झाला, उघडीप पडली, आणि सिस्टरचा निरोप आला की बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येते. बाबा तेव्हा जालन्याकडं कामावर होते, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी परतायचे होते. माय आणि मी पोती उचलली. खालून असा काही कुबट वास आला की मायनं पदर नाकाला लावला. पोत्यांच्या खालची जागा काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरली होती. शाहाबादीवर ते तेवढे दिसत नव्हते, पण पांढऱ्या फरशीला जणू देवी आल्या होत्या. मायनं ओल्या फडक्यानं पुसलं, निघालं नाही. राखेनं घासलं, निघालं नाही. "आता मिस्त्री आले का पाहतीन," असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी निंदणाला निघून गेली. घरात मी एकटी, आणि समोर बाबांची अब्रू ठिपके ठिपके होऊन पडलेली.

माझं वय तेरा. त्या वयात माणसाला सगळं कळत असतं. मी विचार केला, मायचा पितळी हंडा पौर्णिमेला कसा सोन्यासारखा लखलखतो? चिंचेनं. तांब्याचा तांब्या कशानं? चिंचेनं. आमच्या घरात चमकणारी जी जी वस्तू होती ती चिंचेनंच चमकत होती. मग फरशीनं काय घोडं मारलं होतं? मागच्या खोलीत मडक्यात वर्षाची चिंच होती. उन्हाळ्यात मायनं आणि मी अंगणात बसून ती फोडली होती, चिंचोके काढले होते, मीठ लावून गोळे केले होते. वरणात, सारात, भाजीत, वर्षभर पुरवायची चिंच. आधी मी एक गोळा घेतला. तो पुरेना म्हणून दुसरा. मग विचार केला, एवढ्या मोठ्या कामाला हात आखडता कशाला घ्यायचा, आणि मडकंच उपडं केलं. कोमट पाण्यात कोळ करून पांढऱ्या फरशीवर भाकरीएवढा जाड थर मधोमध थापला, उरलेला कडेला आणि शाहाबादीवर फासला. थराच्या कडेनं बारीक बारीक बुडबुडे येऊ लागले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! डाग उकळतोय, असं मला वाटलं. मी दुपारभर त्याच्याजवळ बसून राहिले, मध्ये मध्ये बोटानं चिंच चाटली, आणि बाबा काय म्हणतील, सिस्टर काय म्हणतील, याची वाक्यं मनात जुळवत होते.

बादलीभर पाण्यानं धुतलं तेव्हा ठिपके खरंच गेले होते. तसबिरीकडच्या एका कोपऱ्यात कोळ पोचला नव्हता, तेवढे राहिले, बाकी सगळं स्वच्छ, पाण्याखाली चकचकीत. मी उड्या मारल्या. मग पाणी ओसरलं. जसजशी फरशी वाळू लागली तसतशी तिच्यावरची चमक जिथं जिथं चिंच होती तिथून नाहीशी होत गेली. मधोमध भाकरीएवढा एक गोल, खडूसारखा पांढुरका, बोट लावलं तर खरखरीत. शाहाबादीवर माझ्या हाताचे फराटे, जसे फासले तसे, जागच्या जागी. मी पुन्हा पाणी ओतलं. चमक परत आली. वाळली, गेली. मग मला एकच उपाय सुचला, फरशी वाळूच द्यायची नाही. आडावर जाऊन बादल्या आणत राहिले, ओतत राहिले. पाणी उंबऱ्यावरून अंगणात वाहत होतं. माय निंदणाहून आली ती दारातच थांबली, आणि तिच्या मागोमाग हातात थैली घेतलेले बाबा.

"काय करून राह्यली वं सुमे?" बाबांनी विचारलं. मी बादली खाली ठेवली नाही, तशीच उभी राहिले. ते आत आले, वाकले, हातानं पाणी निपटलं आणि फुंकर मारून तेवढी जागा वाळवली. मग डोळे मिटून तळहात फिरवला. ते दगड नेहमी डोळे मिटूनच पाहत.

"काय लावलं?"

"चिंच."

"किती?"

"सारी."

बाबा काही बोलायच्या आत मायचा आवाज चढला. "सारी? वर्साची चिंच? अवं, मडकं रितं केलं का तुनं? आता वरनात काय घालू, तुहं डोकं?" फरशीचं तिला त्या क्षणी काही वाटलं नसावं, तिच्या डोळ्यांपुढं फक्त रिकामं मडकं होतं. ती मला मारायला धावली आणि ओल्या फरशीवरून घसरून ज्वारीच्या पोत्यावर बसली. एरवी मी हसले असते. बाबाही हसले असते. पण बाबा तसेच गुडघ्यावर बसून होते, आणि त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून मी जी रडायला लागले ती कितीतरी वेळ रडतच राहिले.  ते मला रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच मला घासण्याचा आवाज आला. बाबांनी पॉलिशचे बारीक दगड काढले होते, ओल्या हातानं ते एकेक फराटा घासून काढत होते. मी जाऊन शेजारी बसले. त्यांनी एक दगड माझ्या हातात दिला. "जोर नको लावू, गोल फिरव." मग घासता घासता बोलू लागले. "हा दगड चुन्याचा भाऊ हाय. आंबट लागलं का विरते. तुले फेस दिसला असन, तो डागाचा नव्हता पोरी, दगडाचा होता." राहिलेल्या कोपऱ्यातले ठिपके त्यांनी मला दाखवले. "अन् हा डाग नाही. हा जीव हाय. याले ओल भेटली का हा वाढते. तू रातीपर्यंत याले पानी पाजत होती." त्यांनी आधी कोरड्या मऊ ब्रशनं तो कोपरा झाडला, साबणाच्या दोन थेंबांच्या कोमट पाण्यानं पुसला. मग मायकडून खायचा सोडा मागून त्याचा घट्ट लगदा केला, डागावर थापला आणि वरून ओलं फडकं झाकलं. "हे बसू दे निवांत. मंग पुसायचं, अन् कोरडं करायचं. कोरडं म्हंजे कोरडं." शाहाबादीचे फराटे आम्ही दोघांनी मिळून बरेचसे काढले, पांढऱ्या फरशीच्या कडाही घासून पुन्हा चमकवल्या. मधला भाकरीएवढा गोल तेवढा राहिला. बाबांनी त्याच्याकडं पाहिलं, बाहेर उन्हाकडं पाहिलं आणि दगड धुवायला घेतले. "आता वेळ नाही," ते म्हणाले.

सिस्टर आल्या. मायनं भजी तळली होती, पण घरातला होता नव्हता तो सोडा फरशीवर गेलेला, त्यामुळं ती भजी अशी झाली होती की सिस्टरनी पहिलं भजं दाढेखाली धरलं तेव्हा मला टाकी-हातोडीची आठवण झाली. मी आतल्या दाराआड उभी होते. सिस्टर चप्पल बाहेर काढून अनवाणी फरशीवर चालल्या. सांधे पाहिले, कोपरे पाहिले, बाबांनी न सांगता पेरानं दोन ठिकाणी ठोकून पाहिलं. मग पांढऱ्या फरशीपाशी थांबल्या. "हे काय झालं?"

माय पटकन म्हणाली, "तो दगडच तसा हाय, सिस्टर. आनला तवापासून." माझ्या जिवात जीव आला. माय कधी खोटं बोलायची नाही, पण त्या दिवशी माझ्यासाठी आणि बाबांसाठी बोलली. बाबांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्यांनी मान हलवली नाही. मायकडं पाहिलं, दाराआडच्या माझ्याकडं पाहिलं.

"नाही सिस्टर. दगड चांगला होता. बुरशी धरली, अन् पोरीनं चिंच लावली."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे तुझी फरशी चिंचसुद्धा सोसत नाही? माझी आई चिंचेशिवाय काही घासत नाही, किसन. मग मी माझ्या घरात ही फरशी कशाला बसवू?"

बाबा उभे होते, ते खाली बसले. काही मोठं सांगायचं असलं की ते जमिनीवर बसूनच सांगत. "नाहीच सोसत. कोनाचीबी सोसत नाही, मोठ्या मिस्त्रीचीबी नाही. पन ते तुम्हाले कोनी सांगनार नाही. आम्ही फरशी बसवतो अन् निंगून जातो. तिच्यावर रोज फडकं मारते बाईमानूस, अन् तिले आम्ही काहीच सांगत नाही. म्या इतक्या गावच्या फरश्या बसवल्या, पन माह्या घरच्या पोरीले एवढी गोष्ट सांगतली नाही. पोरीनं तिले जे माहीत होतं ते केलं. चूक तिची नाही, माही हाय."

 मायनं उगीच भज्यांचं ताट पुढं सरकवलं. सिस्टर खाली वाकल्या आणि कोपऱ्यातलं ओलं फडकं उचलून पाहिलं. सोड्याखालचे ठिपके फिके झाले होते, पण दोन-तीन हट्टी काळे होतेच. त्यांनी आपली पिशवी उघडली, जखम धुवायच्या औषधाची तपकिरी बाटली काढली आणि त्याचे थेंब त्या ठिपक्यांवर सोडले. फस्स करून पांढरा फेस आला. मी दाराआडून किंचाळले, "बाबा, पुन्हा उकळून राह्यलं!" आणि लपल्याचं विसरून बाहेर आले. सिस्टर तेव्हा पहिल्यांदा हसल्या. "हा फेस वेगळा आहे गं. जखमेतली घाण काढतो, तसा हा. पांढऱ्या दगडावर चालेल, काळ्यावर नको, रंग उडवेल." बाबा वाकून पाहत होते, एखादं नवं हत्यार हाती लागावं तसे. थोड्या वेळानं त्यांनी पुसलं. कोपरा स्वच्छ झाला होता आणि त्याची चमक जशीच्या तशी होती. "हे मले माहीत नव्हतं," ते म्हणाले, आणि हे म्हणतानाही त्यांना कमीपणा वाटला नाही.

"ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण माझ्या आईला चिंचेचं कोण समजावणार? माझं तर ती काडीचं ऐकत नाही."

बाबांनी माझ्याकडं बोट केलं. "हे सांगन. हिच्यापेक्षा जास्त कोनाले माहीत हाय?"

सिस्टरनी मला आपादमस्तक न्याहाळलं. मग हातातलं उरलेलं भजं, देवाशपथ, शेवटपर्यंत चावून संपवलं, आणि म्हणाल्या, "काम तुझं. पण ह्या पोरीला घेऊन ये. अन् काऊन वं बाई, भजे हायेत का खडी?" वऱ्हाडी बाहेर पडली, पण या वेळी रागानं नव्हे.

ते घर बाबांचं पहिलं घर. फरशी पूर्ण झाली त्या दिवशी मला बुलढाण्याला नेलं, आणि सिस्टरच्या आईपुढं बसवलं. म्हाताऱ्या आजीबाई कानानं कमी ऐकत, म्हणून मी माझी फजिती ओरडून ओरडून सांगितली, गल्लीतल्या चार बाया आपोआप जमल्या. त्यानंतर बाबांचा नेमच झाला. फरशी बसवून झाली की घरातल्या बायांना बोलवायचं आणि मला उभं करायचं. आंबट नको, ओल साठू देऊ नका, पोती लाकडावर ठेवा, दारं उघडी ठेवा. सगळ्या घरी सारखं स्वागत होत नसे, तेही सांगते. एका जमीनदाराच्या घरी बाबांनी चुलीपर्यंत सगळी फरशी बसवली, आणि बसून झाल्यावर आम्हाला त्या खोलीचा उंबरा बंद झाला. मी ओसरीखालून सांगितलं, मालकीणबाई दारातून ऐकत होत्या, अर्धं लक्ष. दोन पावसाळ्यांनी त्यांचाच निरोप आला की पाट्यामागं बुरशी धरली आहे. आम्ही गेलो तर बाई म्हणाल्या, "दुरून काय सांगतं, ये आत अन् दाखव." मी आत गेले, त्यांच्या हातानं सोडा भिजवून घेतला, त्यांच्याच फडक्यानं पुसलं. घरी येताना सायकलवर बाबा गाणं म्हणत होते. त्यांचा आवाज चांगला नव्हता, तरी मी त्यांना थांबवलं नाही.

एवढं सगळं चांगलं झालं, पण त्यातून माझी जी बदनामी झाली ती काही थांबली नाही. तालुकाभर मी चिंचवाली झाले. लग्न होऊन देऊळगाव राजाला आले, माप ओलांडायच्या ऐवजी आमच्यात साधंच सगळं होतं, वंदना झाली, पेढे वाटले, आणि सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं. खाली काळी शाहाबादी, सांधे असे की सुई जाणार नाही. ते सांधे मी कुठंही ओळखले असते. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांनीच बसवलीय. त्यांनी सांगितलं होतं, एका पोरीनं वर्षाची चिंच फरशीवर ओतली. ती तूच का?" नव्या नवरीनं लाजायचं असतं, मी लाजले नाही, हसत सुटले. त्या माउलीनं पुढं तीस वर्षं चिंचेचं मडकं कुलपात ठेवायला हवं म्हणत माझी थट्टा केली.

धाडच्या घरातला तो भाकरीएवढा गोल मात्र तसाच राहिला. मी माहेरी गेले की म्हणायची, "बाबा, एवढं घासून टाका ना. तुमचं एका सकाळचं काम." ते म्हणत, "वेळ नाही." कामं भरपूर होती, मला खरं वाटायचं. पुढं गुडघे गेले, काम सुटलं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. दिवसभर ते त्या पांढऱ्या फरशीशेजारी दारात बसून असत, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. शेवटच्या वर्षी मी गेले तेव्हा थट्टेनं म्हटलं, "आता तरी वेळ आहे ना? दगड द्या, मीच घासते." बाबांनी डोळे मिटले आणि त्या खरखरीत गोलावर तळहात फिरवला, अगदी सावकाश, एखाद्या लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. "नाही ना पोरी," ते म्हणाले. "कुठी वेळ हाय?"

ते गेल्यावर भावानं घर नव्यानं बांधलं, चकचकीत टाइल्स बसवल्या. त्याला मी नावं ठेवत नाही, त्याच्या घरात त्यानं कशावर चालायचं ते त्यानं ठरवावं. फक्त पांढरी फरशी मी मागून घेतली. चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन, देऊळगाव राजाला परत आणली. कंडक्टरनं काही विचारलं नाही, मी उत्तर तयार ठेवलं होतं.

हे सगळं ऐकून झाल्यावर स्नेहल उठली, पलंगाखालचं लिंबू काढून तिनं फ्रिजमध्ये ठेवलं आणि सोड्याचा डबा घेऊन आली. आम्ही दोघींनी ठिपक्यांवर लगदा थापला, फडकं झाकलं, दुपारी पुसलं, हट्टी ठिपक्यांवर औषधाच्या दुकानातली फेसाची बाटली वापरली, आणि पंखा लावून फरशी कोरडी केली. कोरडी म्हणजे कोरडी. कडा पुन्हा आरशासारख्या दिसू लागल्या. त्यामुळं मधला गोल अधिकच उठून दिसायला लागला. स्नेहल त्याच्यावर बोट फिरवत म्हणाली, "आई, आमच्या बँकेजवळ एक पॉलिशवाला बसतो. मशीन आहे त्याच्याकडं. अर्ध्या तासात हे जाईल. बोलवू का उद्या?"

मी उद्या दिवसभर घरीच आहे. परवाही. घरी बसलेल्या म्हातारीला दुसरं काय काम?

"नको गं," मी म्हटलं. "वेळ नाही."